राहणीमान मोजतात कसं? जगाच्या क्रमवारीपासून वर्ध्याच्या बोरगाव मेघेपर्यंत

समजा, बोरगाव मेघेतल्या एका कुटुंबाचं आणि मुंबईतल्या एका कुटुंबाचं मासिक उत्पन्न सारखंच आहे, २५ हजार रुपये. दोघांचं राहणीमान सारखं म्हणायचं का? घरभाडं, भाजीपाला, मुलांची शाळा, दवाखाना यांचा खर्च मांडला की उत्तर बदलतं. दोन देशांची तुलना करताना हाच प्रश्न आणखी मोठा होतो.

नुसतं उत्पन्न का पुरत नाही?

देशाचं एकूण उत्पन्न भागिले लोकसंख्या म्हणजे दरडोई उत्पन्न. त्याची तुलना डॉलरमध्ये केली तर फसगत होते, कारण एक डॉलर अमेरिकेत जे घेतो त्याहून बरंच जास्त भारतात घेतो. म्हणून 'क्रयशक्ती समानता' ही पद्धत वापरतात. ठिकठिकाणच्या किमतींची तुलना करून तेवढीच खरेदी करायला कुठे किती पैसे लागतात, हे त्यात ठरवलं जातं.

तरीही हा आकडा सरासरीच असतो. दहा जणांपैकी एकाची कमाई दुप्पट झाली आणि बाकीचे होते तिथेच राहिले, तरी सरासरी वाढते. ही दरी मोजायला गिनी गुणांक वापरतात. शून्य म्हणजे पूर्ण समानता आणि एक म्हणजे सगळं उत्पन्न एकाच्याच हाती.

मानव विकास निर्देशांक काय सांगतो?

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९० मध्ये हा निर्देशांक सुरू केला. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी त्यात पुढाकार घेतला, अमर्त्य सेन यांचं त्यांना सहकार्य होतं. आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न या तीन गोष्टी त्यात शून्य ते एक या मापावर मोजल्या जातात.

२०२५ च्या अहवालात (आकडे २०२३ चे) भारत १९३ देशांत १३० वा आहे. निर्देशांक ०.६८५. त्याची फोड अशी:

- आरोग्य: सरासरी आयुर्मान ७२ वर्षं. गुण सुमारे ०.८०
- उत्पन्न: दरडोई सुमारे ९ हजार डॉलर (क्रयशक्तीनुसार). गुण सुमारे ०.६८
- शिक्षण: आज शाळेत जाणारं मूल सुमारे १३ वर्षं शिकेल अशी अपेक्षा, पण प्रौढांचं प्रत्यक्ष शिक्षण सरासरी ६.९ वर्षं. गुण सुमारे ०.५९

म्हणजे भारताची सर्वांत कमकुवत बाजू शिक्षणाची आहे. तिन्ही गुणांचा गुणाकार करून त्याचं घनमूळ काढतात, त्यामुळे एका बाजूची पडझड दुसऱ्या बाजूने पूर्ण झाकता येत नाही. बांगलादेशाचंच बघा. दरडोई उत्पन्न भारतापेक्षा थोडं कमी, पण आयुर्मान जास्त. दोन्ही देश त्याच १३० व्या क्रमांकावर आहेत. श्रीलंका मात्र या दोघांच्याही बरीच पुढे, ८९ वी आहे.

महाराष्ट्र आणि वर्धा कुठे आहेत?

राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात जिल्हावार निर्देशांक दिले होते. मुंबई ०.८४१, नंदुरबार ०.६०४, राज्य ०.७५२ आणि वर्धा ०.७२३. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८७ टक्के होती, राज्याची सुमारे ८२. साक्षरतेत पुढे असलेला जिल्हा एकूण निर्देशांकात राज्याच्या मागे होता, कारण निर्देशांकात उत्पन्न आणि आरोग्यही धरलं जातं.

नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक आणखी घरात शिरतो. पोषण, शाळा, स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, पिण्याचं पाणी, वीज, बँक खातं असे १२ निकष तो तपासतो. त्यानुसार महाराष्ट्रात २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्के लोक गरीब होते.

बोरगाव मेघेचा आकडा कुठे सापडेल?

असा वेगळा आकडा नसतो. आरोग्य आणि गरिबीचे आकडे नमुना सर्वेक्षणातून येतात. ते जिल्ह्यापर्यंत पोहोचतात, गावापर्यंत नाही. वर्धा शहराला लागून असलेलं बोरगाव मेघे २०११ च्या जनगणनेत 'जनगणना नगर' होतं. लोकसंख्या किमान ५ हजार, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोक आणि तीन चतुर्थांश पुरुष कामगार शेतीबाहेर, असे त्याचे निकष आहेत. अशी ठिकाणं आकडेवारीत शहरी धरली जातात, पण तिथे नगरपालिका नसते. रस्ते, नाल्या, कचरा यांची गरज शहराची आणि कारभार ग्रामपंचायतीचा, हा पेच दरडोई उत्पन्नात दिसत नाही. त्यात जनगणनाच २०११ ची आहे. पुढची २०२७ मध्ये होत आहे.

वर्ध्यात हा प्रश्न आधीही विचारला गेला होता

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चालायचं. संघाची धुरा वाहणारे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या शेकडो गावांची पाहणी केली होती. माणसाचं जगणं केवळ पैशात मोजू नये, असा त्यांचा आग्रह होता. मानव विकास निर्देशांक त्यानंतर पन्नासेक वर्षांनी आला.

क्रमवारी वाचताना काय बघावं?

आकडा कोणत्या वर्षाचा आहे, सरासरीत कोण झाकलं गेलंय आणि तीनपैकी कोणती बाजू कमी पडतेय, हे तीन प्रश्न विचारावेत. क्रमांक एक-दोनने वर-खाली झाला यापेक्षा त्यांची उत्तरं जास्त उपयोगाची असतात. ग्रामसभेत पाणी किंवा दवाखान्याचा विषय निघतो, तेव्हाही हेच प्रश्न कामी येतात.