मुद्रणांतील मोकळी जागा

छापील पुस्तक वाचतांना आपली दृष्टि अक्षरांवर खिळलेली असते. अक्षरांमधल्या कोऱ्या जागेकडे पाहण्याची सवड कोणाला नसते. पण एखाद्या ग्रंथाची अनुक्रमणिका उघडून पाहावी. डाव्या अंगाला प्रकरणाचें नांव, उजव्या अंगाला पृष्ठांक, आणि या दोहोंना जोडणारी बारीक टिंबांची ओळ. हीं टिंबें वाचावयाचीं नसतात. त्यांच्यावरून डोळा सरकत जाऊन नेमक्या आंकड्यावर थांबावा, एवढ्याकरितां तीं असतात. यादींतील कलमांपूर्वींचे ठिपके, उपकलमांची आंत सरकलेली कड, दोन परिच्छेदांमधील अंतर, हीं सर्व त्याच जातीचीं साधनें होत. या मुक्या साधनांचा इतिहास आम्हांस मोठा बोधप्रद वाटतो. कारण वाचक म्हणजे कोण, आणि त्याच्यासाठीं किती श्रम घ्यावयाचे, या प्रश्नाचें प्रत्येक काळानें दिलेलें उत्तर त्यांत उमटलेलें आहे.

आपल्या जुन्या पोथ्यांत शब्द तोडून लिहिण्याची चाल नव्हती. शिरोरेघ ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड धांवे आणि वाक्य कोठें संपलें हें दंडावरून कळे. याचें कारण लेखकांचा आळस नव्हे. पोथी ही गुरुमुखानें ऐकलेल्या पाठाची आठवण होती. ती वाचणाराला पाठ बव्हंशीं ठाऊक असे. ज्याला तो ठाऊक नाहीं त्याची मात्र फजिती ठरलेली. कथासरित्सागरांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाची गोष्ट आहे. जलक्रीडेंत राणी त्याला 'पाण्यानें मारूं नका' असें संस्कृतांत म्हणाली. 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधि राजाला उमगला नाहीं. त्यानें 'मोदकैः' असा एकच शब्द ऐकला आणि मोदक आणविले! राणी हंसली, राजा खजील झाला, आणि त्याच लज्जेंतून कातंत्र व्याकरणाचा जन्म झाला असें कथा सांगते. येथें घोटाळा कानाचा होता. पण शब्द कोठें तुटतो हें न कळल्यास अर्थाचें काय होतें, हें यावरून स्पष्ट दिसतें.

युरोपांतहि हाच प्रकार होता. प्राचीन लॅटिन हस्तलिखितें पुष्कळदां सलग लिहिलेलीं असत. सातव्या-आठव्या शतकांत आयर्लंडमधील भिक्षूंनीं शब्दाशब्दांत अंतर सोडण्याची चाल पाडली. लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती. कष्टानें शिकलेल्या त्या भाषेंतील शब्द कानाला आपोआप तुटत नसत, म्हणून तो आधार त्यांनीं डोळ्याला दिला. म्हणजे मोकळ्या जागेचा उपक्रम पंडितांच्या सोयीसाठीं झालेला नाहीं. ज्याला वाचणें अवघड जात होतें, त्याच्यासाठीं तो झाला. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

पुढें पंधराव्या शतकाच्या मध्यास गुटेनबर्गनें जर्मनींतील माइन्झ येथें धातूचे सुटे खिळे जुळवून बायबल छापलें, आणि एक चमत्कारिक गोष्ट घडली. हातानें लिहितांना मोकळी जागा म्हणजे कांहींच न लिहिणें. पण खिळ्यांच्या चौकटींत 'कांहींच नाहीं' असें ठेवतां येत नाहीं. तेथें पोकळी राहिली तर सारी ओळ ढिली पडेल. म्हणून रिकाम्या जागेसाठींहि धातूचे तुकडे ओतावे लागले. ते अक्षरांच्या खिळ्यांहून ठेंगणे असत, म्हणून शाई त्यांना लागत नसे. शब्दांमध्यें स्पेस, ओळ भरून काढण्यास क्वाड, दोन ओळींमध्यें शिशाच्या पट्ट्या: अशा रीतीनें शून्याला वजन आलें, मोजमाप आलें, आणि किंमतहि आली. डाव्या हातांतल्या स्टिकमध्यें ओळ जुळवितांना शेवटचा शब्द मावेना, म्हणजे जुळारी मधल्या स्पेसा काढून बारीक घाली. ओळ अपुरी पडली तर जाड घाली. दोन्हीं कडा सरळ दिसाव्यात, तरी मध्यें भगदाडें पडूं नयेत, ही कसरत तो दिवसांतून शेंकडों वेळां करी. अनुक्रमणिकेंतील टिंबेंहि त्यालाच जुळवावीं लागत. वरच्या ओळींतील टिंबाखालीं खालच्या ओळींतील टिंब आलें नाहीं, तर पान तिरपें झाल्याचा भास होई.

मराठींत हा व्यवहार आणखीच कठीण. १८०५ सालीं विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण बंगालमधील श्रीरामपूर येथें छापलें गेलें, तेव्हांपासून देवनागरीच्या खिळ्यांचा प्रश्न पुढें होता. इंग्रजीला लागतात त्याच्या कित्येक पट खिळे आपल्या जोडाक्षरांना लागतात. शिवाय ओळीच्या वर रफार, वेलांट्या व अनुस्वार, तर खालीं उकार. दोन ओळींत पुरेसें अंतर नसेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आपटावयाचा! गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मुंबईस पहिलें मराठी पंचांग छापलें तें शिळाछापावर. तेथें हातानें लिहिलेलें जसेंच्या तसें उमटे, त्यामुळें ही अडचण टळली. खिळ्यांची अडचण मात्र समोरून अंगावर घेतली ती जावजी दादाजी यांनीं. १८३९ सालीं गरिबींत जन्मलेल्या या गृहस्थानें मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखालीं काम शिकून, १८६४ सालीं स्वतःचा अक्षरांचा कारखाना आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. पंचांगासारखें पुस्तक म्हणजे तिथि, वार, नक्षत्र, योग व करण यांच्या उभ्या रांगाच रांगा. एक रांग केंसभर सरकली, तर वाचणारा एका दिवसाचें नक्षत्र दुसऱ्या दिवसाला लावील. अशा ठिकाणीं अंतर ही शोभा नसून अर्थच असतो.

ही सारी विद्या केवळ पुस्तकांतून येणारी नव्हती. ती हाताहातांतून उतरत आली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिशाचे खिळे मागें पडून प्रकाशचित्रांच्या साह्यानें अक्षरजुळणी होऊं लागली, तेव्हां ती विद्या लोपण्याच्या बेतांत आली. १९७७ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे गणिती डोनाल्ड क्नूथ यांच्याकडे त्यांच्या एका ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीचीं मुद्रितें आलीं. पहिली आवृत्ति जुन्या पद्धतीनें शिशाच्या खिळ्यांनीं छापलेली व देखणी होती; हीं नवीं मुद्रितें पाहून ते खिन्न झाले. दुसरा एखादा प्रकाशकाला पत्र लिहून स्वस्थ बसला असता. क्नूथ यांनीं ग्रंथलेखन बाजूला ठेवून संगणकाकडून अक्षरजुळणी करवून घेण्याची 'टेक्' नांवाची प्रणाली रचण्यास घेतली. कला आणि कौशल्य या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हें नांव घेतलेलें आहे. थोड्या दिवसांचें म्हणून आरंभलेलें हें काम पुरें व्हावयास सुमारें दहा वर्षें लागलीं.

क्नूथ यांच्या रचनेचें मर्म असें, कीं प्रत्येक अक्षर ही एक पेटी मानावयाची आणि दोन पेट्यांमधील जागा हा एक प्रकारचा 'डिंक'. या डिंकाला स्वाभाविक रुंदी असते. तो किती ताणावा व किती आकसावा, हेंहि ठरलेलें असतें. खरें पाहतां याला स्प्रिंग म्हणणें अधिक शोभलें असतें, असें क्नूथ यांनींच नमूद केलें आहे. मायकेल प्लास यांच्यासह त्यांनीं १९८१ सालीं जी रीत प्रसिद्ध केली, तिच्यांत एकेक ओळ सुटी न पाहतां सबंध परिच्छेदाचा एकदम विचार होतो. प्रत्येक ताणाला दोषाचे गुण देऊन ज्या मांडणींत एकंदर दोष कमींत कमी ती निवडली जाते. टिंबांची ओळ म्हणजेहि तेथें डिंकच. फक्त कोऱ्या जागेऐवजीं तो एकच ठिपका पुनःपुन्हां मांडीत जातो, आणि वरच्या व खालच्या ओळींतील ठिपके एकाखालीं एक येतील याची काळजी घेतो. जुळाऱ्याच्या बोटांतलें शहाणपण येथें गणिताच्या भाषेंत लिहिलें गेलें.

याच पायावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं १९८० नंतरच्या दशकांत 'लाटेक्' उभारलें. येथें लेखकानें 'ही यादी' एवढेंच सांगावयाचें. कड किती आंत घ्यावी, पहिल्या पायरीला ठिपका, दुसरीला लहान रेघ, तिसरीला तारका व चौथीला बारीक बिंदु कसा द्यावा, हें प्रणाली पाहते. पान उलटल्यावर माथ्यावर मोकळी जागा आली, तर ती बहुधा निरर्थक म्हणून टाकूनहि देते. कसलेला जुळारीहि तेंच करीत असे. १९९१ सालीं नेदरलंडमधील ग्रोनिंगन विद्यापीठांत फ्रान्स वेल्टहाउस यांनीं टेक्साठीं देवनागरीची सोय केली, आणि ज्या लिपीला शेंकडों खिळे लागत, ती लिपी घरच्या मेजावर जुळूं लागली.

आतां प्रत्येक लिहिणारा आपल्यापुरता जुळारी झाला आहे. साधन हातीं आलें; दृष्टि मात्र आपोआप येत नाहीं. कळ दाबून एकामागून एक टिंबें उमटवावीं आणि पृष्ठांक वांकडेतिकडे यावेत. रिकाम्या जागांचे ठोकळे रचून यादी सरळ करूं पाहावी, आणि अक्षराचा आकार बदलतांच ती कोसळावी, असे प्रकार निमंत्रणपत्रिकांपासून संस्थांच्या अहवालांपर्यंत सर्वत्र दिसतात. त्यांत यंत्राचा दोष नाहीं. मोकळी जागा म्हणजे उरलेली जागा, ही आपली समजूत त्याच्या मुळाशीं आहे. ज्यांनीं ती जागा शिशांत ओतली, तिचें वजन त्यांच्या हाताला ठाऊक होतें. म्हणून ती ते विचारपूर्वक खर्चीत. त्या अनामिक कारागिरांचीं नांवें कोणत्याहि मुखपृष्ठावर आलीं नाहींत. पण आपल्याला सुखानें वाचतां आलेल्या प्रत्येक पानावर त्यांची सही आहे. शब्द लेखकाचे असतात. त्यांच्यामधील अंतर मात्र वाचकासाठीं सोडलेलें असतें. तें सोडतांना ज्याला वाचणें अवघड जातें त्याची आठवण ठेवणें, हाच त्या कारागिरांचा वारसा चालविण्याचा खरा मार्ग होय.