तंत्रिका-इजेनंतरचा उत्थानदोष व मूल कोशिका चिकित्सा

श्रोणीतील (ओटीपोटाच्या तळभागातील) तंत्रिकांना (मज्जातंतूंना) इजा होऊन शिश्नास पुरेशी ताठरता न येणे, या विकारावर मूल कोशिका (ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी निर्माण होऊ शकतात अशा पेशी) टोचून इलाज करण्याची ही प्रायोगिक पद्धती होय. अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगात ती ग्रंथी समूळ काढण्याची शस्त्रक्रिया हे अशा इजेचे एक प्रमुख कारण असल्याने या चिकित्सेचा इतिहास त्या शस्त्रक्रियेशी निगडित आहे.

उत्थानाचे नियंत्रण श्रोणीतील तंत्रिका करतात, हे जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक कॉनराड एकहार्ट यांनी १८६३ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांनी दाखविले. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्पटन यंग यांनी १९०४ मध्ये ही ग्रंथी समूळ काढली. पुढे सुमारे पाऊण शतक या शस्त्रक्रियेनंतर कामक्षमता बहुधा नष्ट होई व ती हानी अटळ मानली जाई. १९८१ मध्ये पॅट्रिक वॉल्श यांनी नेदर्लंड्समधील लायडन येथे पीटर डाँकर यांच्यासमवेत मृतजात अर्भकाचे विच्छेदन केले. तेव्हा या तंत्रिका ग्रंथीतून नव्हे, तर तिच्या आवरणाबाहेरून जातात असे आढळले. त्या आधारे २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्श यांनी तंत्रिका जाणीवपूर्वक राखून शस्त्रक्रिया केली.

तथापि राखलेल्या तंत्रिकाही ताणल्या गेल्याने दीर्घकाळ निष्क्रिय राहू शकतात. दरम्यान शिश्नातील अरेखित स्नायू क्षीण होऊन त्यांची जागा तंतुमय ऊतक घेते. १९९८ मध्ये प्रचारात आलेले सिल्डेनाफिल हे औषध तंत्रिकांतून स्रवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडावर अवलंबून असल्याने तंत्रिका निकामी झाल्यास त्याचा उपयोग मर्यादित होतो. मूळ इजाच भरून काढण्याची कल्पना या मर्यादेतून पुढे आली.

२००४ मध्ये बोचिन्स्की व सहकाऱ्यांनी तंत्रिकांना इजा केलेल्या उंदरांना भ्रूणीय मूल कोशिकांपासून वाढविलेल्या पेशी टोचल्या, तेव्हा उत्थानक्षमता सुधारली. टोचलेल्या पेशी नष्ट झालेल्या पेशींची जागा घेतात, अशी प्रारंभी अपेक्षा होती. परंतु २०१० मध्ये आल्बेर्सेन व सहकाऱ्यांना मेद ऊतकातील मूल कोशिकांप्रमाणेच त्या फोडून काढलेल्या द्रावानेही उंदरांत सुधारणा झाल्याचे दिसले. यावरून पेशींनी स्रवलेले पदार्थ ऊतकाच्या दुरुस्तीस चालना देत असावेत, हे मत बळावले.

२०१६ मध्ये फ्रान्समध्ये १२ रुग्णांना त्यांच्याच अस्थिमज्जेतील पेशी टोचल्याचे, तर डेन्मार्कमध्ये १७ रुग्णांना स्वतःच्या मेदातील पेशी टोचल्याचे वृत्तांत प्रसिद्ध झाले. डेन्मार्कमधील १७ पैकी ८ जणांत समागमास पुरेशी क्षमता परतली. हे आठही जण मूत्रावर नियंत्रण असलेल्या ११ रुग्णांपैकी होते. गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत. मात्र तुलनेसाठी नियंत्रण गट नव्हता. शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांची क्षमता कालांतराने आपोआप परतते आणि उपचार मिळाल्याच्या विश्वासाचाही परिणाम होतो. त्यामुळे सुधारणेचे श्रेय केवळ पेशींना देता येत नाही.

अमेरिकन मूत्ररोगवैज्ञानिक संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी या विकारावरील मूल कोशिका चिकित्सा संशोधनाधीन ठरविली. भारतातही २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तोत्पादक मूल कोशिकांचे मान्य उपचार वगळता मूल कोशिकांचा वापर प्रायोगिक मानला असून तो रीतसर चाचण्यांपुरता मर्यादित ठेवला आहे. म्हणून शुल्क आकारून होणारी खात्रीशीर उपचाराची जाहिरात शास्त्रीय पुराव्याच्या पुढे जाणारी ठरते. शस्त्रक्रियेच्या वेळीच तंत्रिका जपणे, हा १९८२ मध्ये खुला झालेला मार्ग अधिक भक्कम पायावर उभा आहे.