गर्भपात कोणी करायचा, कुठे करायचा?

गर्भपाताच्या कायद्यावर चर्चा निघाली की आपण आठवडे मोजायला लागतो. वीस की चोवीस? आज मी ते बाजूला ठेवतो आणि दोन साधे प्रश्न घेतो. गर्भपात कोणी करायचा? आणि कुठे? या कायद्याचा बराचसा इतिहास याच दोन प्रश्नांभोवती फिरतो.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३१२ आलं आणि गर्भपात गुन्हा ठरला. बाईचा जीव वाचवण्यासाठी केला तरच सूट. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा गुन्हेगार. मग अडलेल्या बाईने जायचं कुठे? याचं उत्तर सरकारने दिलं नाही. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं, एवढीच सोय होती. पण निदान जायला एक दार होतं.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं हा प्रश्न चोरीछुपे, अडाणी उपायांवर सुटत राहिला आणि बायका मरत राहिल्या. म्हणून १९६४ मध्ये केंद्राने समिती नेमली. अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. डिसेंबर १९६६ मध्ये अहवाल आला, १९७१ मध्ये संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला.

या कायद्याची रचना नीट बघा. गर्भपात हा बाईचा हक्क आहे, असं त्यात म्हटलेलं नाही. ठरलेल्या अटी पाळणारा नोंदणीकृत डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही, एवढंच म्हटलं आहे. जागाही ठरलेली: सरकारी रुग्णालय किंवा सरकारमान्य केंद्र. कलम ३१२ तसंच राहिलं. आज ते भारतीय न्याय संहितेत कलम ८८ म्हणून आहे.

खाजगी केंद्रांच्या मान्यतेचे अधिकार राज्य सरकारकडे होते. २००२ च्या दुरुस्तीने ते जिल्हा समितीकडे आले. त्याच दुरुस्तीने अपात्र व्यक्तीला किंवा मान्यता नसलेल्या जागी गर्भपात करणाऱ्याला दोन ते सात वर्षांची सक्तमजुरी ठेवली. २००३ च्या नियमांनी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचाही हिशेब घातला: पंचवीस गर्भपातांत सहाय्य, त्यांतले किमान पाच स्वतः केलेले. भोंदूंच्या हातून जीव जात असताना हे कडक नियम हवेच होते.

पण गावात असा डॉक्टरच नसेल तर? ऑक्टोबर २०१४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला. प्रशिक्षित परिचारिका आणि आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंच्या डॉक्टरांनाही परवानगी द्यावी, असं त्यात होतं. इंडियन मेडिकल असोसिएशनने विरोध केला. २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, काही प्रवर्गांसाठी मुदत चोवीस आठवडे झाली, ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आला. ‘कोणी करायचा’ या प्रश्नाचं उत्तर मात्र पुन्हा ‘डॉक्टर’ एवढंच राहिलं.

दरम्यान बायकांनी आपला मार्ग काढला होता. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमधल्या अभ्यासाचा अंदाज असा: २०१५ मध्ये देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांतले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. दवाखान्यात झाले फक्त २२ टक्के.

म्हणजे ज्या केंद्रांवर कायद्याची करडी नजर आहे, तिथे चौथा हिस्साही पोचत नाही. गोळ्या योग्य वेळी, योग्य मात्रेत घेतल्या तर सुरक्षित असतात. पण रक्तस्राव थांबला नाही तर विचारायचं कोणाला? मला तरी २०१४ ची सूचना पुन्हा चर्चेला यावी असं वाटतं, नीट प्रशिक्षण आणि देखरेखीसह. तुम्ही कुठल्याही राज्यात असा, आपल्या तालुक्यात मान्यताप्राप्त केंद्र कुठे आहे आणि तिथे आज डॉक्टर आहे का, एवढं विचारून बघा.