मोडीत काढतो कोण?

‘मोडीत काढणे’ हा शब्दप्रयोग आज आपण एखाद्या योजनेबद्दल, कायद्याबद्दल, कधी माणसाबद्दलही करतो. त्याचे मूळ घर मात्र भांड्यांचे दुकान आहे. चेपलेली घागर, तळ गेलेले पातेले, कान तुटलेला हंडा दुकानात न्यायचा, तिथे तो तराजूत पडायचा आणि मोडीच्या भावाने त्याची किंमत धरली जायची. नव्या भांड्याची किंमत आणि मोडीची किंमत यांतला फरक तेवढा गिऱ्हाइकाने भरायचा. जुने पितळ, तांबे पुन्हा मुशीत जाऊन नव्या भांड्यात उतरायचे. सराफाकडे दागिना मोडून नवा घडवण्याची रीत याच वळणाची, आणि ती आजही टिकून आहे. म्हणजे जुने देऊन नवे घेण्याची हौस मराठी घरांत फार जुनी आहे. हे आधीच सांगण्याचे कारण असे, की लॅपटॉप बंद पडला आणि त्याच्या जागी नवा आणला की एक ठरलेले स्पष्टीकरण पुढे येते: पूर्वीची माणसे काटकसरी होती, वस्तू जपून वापरत, आताची उधळी झाली. मला हे पटत नाही. इतिहास पाहिला तर माणसांचा स्वभाव फारसा बदललेला दिसत नाही. वस्तू बिघडल्यावर भुर्दंड कोणाला पडतो आणि ती मोडीत काढायचा निर्णय कोणाच्या हातात असतो, या दोन गोष्टी बदलल्या आहेत. नवी वस्तू कधी घ्यायची हे त्यांवरूनच ठरते.

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी याची चांगली साक्ष देते. पेशवाईत कोकणातून आलेल्या त्वष्टा कासार कारागिरांनी ही आळी वसवली. तांब्याचा पत्रा ठोकून आकाराला आणायचा आणि मग हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी तो मठारायचा, ही त्यांची खासियत. मठारकामाने भांडे दिसायला देखणे होतेच, पण ठोक्यांनी पत्रा कठीणही होतो, म्हणून ते भांडे सहज चेपत नाही. तरीही तांब्यापितळेचे भांडे एकदा घेतले आणि विसरून गेलो, असे चालत नसे. आतली कल्हई झिजली की आंबट पदार्थ कळकतो, मग कल्हईवाल्याला हाक मारावी लागे. तो अंगणात खड्डा खणून भाता लावायचा, भांडे तापवायचा, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील आतून फिरवायचा, आणि काळे पडलेले भांडे पाण्यात बुडताच पांढरेशुभ्र होऊन बाहेर यायचे. भांड्याला भोक पडले तर झाळून मिळे. श्रीमंताच्या वाड्यातल्या भांड्यांनाही कल्हई लागे आणि गरिबाच्या एकुलत्या एका पातेल्यालाही. म्हणून दुरुस्ती ही निव्वळ गरिबीची खूण होती, हा आक्षेप टिकत नाही. ती वस्तूच्या घडणीतच धरलेली होती. घडवणाऱ्याला ठाऊक असे की हे भांडे पुन्हा तापवले जाणार, पुन्हा ठोकले जाणार, आणि ते तसे करता येईल अशाच धातूचे, अशाच जाडीचे तो घडवत असे. पुढे स्टेनलेस स्टील आले. त्याला कल्हई लागत नाही, म्हणून लोकांनी ते आनंदाने घेतले आणि कल्हईवाला गल्लीतून दिसेनासा झाला. या बदलाला मी ऱ्हास म्हणणार नाही. दुरुस्तीची गरजच संपली तर दुरुस्ती करणारा जाणार, यात एक कौशल्य हरवते, पण वापरणाऱ्याचे नुकसान होत नाही.

शेतीच्या अवजारांचा हिशेब आणखी वेगळा होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त बलुतेदारीचे जे बारकाईचे वर्णन आहे, त्यातून तो कळतो. सुताराने नांगर नीट ठेवायचा, लोहाराने फाळ शेवटायचा, आणि त्याबद्दल दर खेपेला पैसे न घेता खळ्यावर वर्षाचे धान्य घ्यायचे. आता यातला व्यवहार पाहा. वर्षाचे बलुते ठरलेले असेल तर नांगर जितका कमी मोडेल तितके सुताराचे श्रम वाचतात. वस्तू टिकण्यात घडवणाऱ्याचाही फायदा आणि वापरणाऱ्याचाही. यावर लगेच कोणी म्हणेल, की बलुतेदारीचे गोडवे गाऊ नका. ती जातीला जखडलेली होती, कारागिराला धंदा आणि गाव सोडण्याची मोकळीक नव्हती, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या वाट्याला तर त्यातली वेठच आली. हे सोळा आणे खरे आहे. वतनांविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी लढा दिला आणि १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातली कनिष्ठ गाववतने रद्द झाली, हे योग्यच झाले. ती व्यवस्था परत आणा असे मी म्हणत नाही. मी तिच्यातला फक्त एक हिशेब वेगळा काढून पाहतो आहे, कारण तोच हिशेब जातीशी काडीचाही संबंध नसलेल्या एका ठिकाणी पुन्हा दिसतो. ते ठिकाण म्हणजे संगणकाचा धंदा.

विसाव्या शतकाच्या मध्यावर आयबीएम ही कंपनी आपली यंत्रे विकत नसे, भाड्याने देत असे. भाडे दरमहा येणार आणि यंत्र बंद पडले तर दुरुस्तीही कंपनीच्याच खर्चाने होणार. तेव्हा यंत्र भक्कम असणे आणि झटपट उघडता येणे कंपनीच्याच फायद्याचे होते. पण या व्यवस्थेत गिऱ्हाईक कायमचे बांधले जाते, हे अमेरिकी सरकारच्या लक्षात आले. १९५६ साली न्यायालयासमोर झालेल्या तडजोडीनुसार आयबीएमला यंत्रे विकण्याचीही तयारी ठेवावी लागली, आणि बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भाग व माहिती द्यावी लागली. दुरुस्तीचा हक्क ही आजकालची चळवळ्यांची कल्पना आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे साल लक्षात ठेवावे. संगणकाच्या व्यापारात ती अट जवळजवळ सुरुवातीलाच आली होती. भारतातली कथा याहून कडू आहे. बाहेरच्या देशांत जुनी झालेली यंत्रे डागडुजी करून इथे आणायची आणि चढ्या भाड्याने द्यायची, हा आयबीएमचा इथला धंदा होता आणि सत्तरच्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीने त्यावर टीका केली. परकी भांडवल ४० टक्क्यांवर आणण्याची अट मान्य नसल्याने १९७८ मध्ये कंपनीने भारत सोडला. तिची यंत्रे मात्र इथल्या कचेऱ्यांत राहिली. ती चालू ठेवण्याचे काम १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ने, म्हणजे सीएमसीने, अंगावर घेतले. भारताने संगणकाच्या दुरुस्तीसाठी एक कंपनीच काढली होती, ही गोष्ट आपल्या माहिती-तंत्रज्ञानाच्या गौरवगाथांमध्ये फार कमी वेळा सांगितली जाते. या प्रसंगातून आणखी एक गोष्ट कळते: यंत्र दीर्घकाळ चालणे हा आपोआप गुण ठरत नाही. जुने यंत्र चालवायचे की नाही हे आयबीएम ठरवत होती तेव्हा ती पिळवणूक होती. आपण ठरवू लागलो तेव्हा तीच यंत्रे कामाची झाली.

१९८१ साली आयबीएमने वैयक्तिक संगणक आणला तो बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून जुळवलेला, आणि त्याची तांत्रिक माहितीही तिने छापून दिली. त्याच्या नकला जगभर होऊ लागल्या आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, त्यावर उभा राहिला. रेडिओच्या सुट्या भागांचा हा रस्ता मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क यांचा झाला. असेंबल्ड संगणक घेणाऱ्याला आपल्या यंत्रात काय आहे हे ठाऊक असे. चार वर्षांनी तेवढा एकच भाग बदलता येई. लॅपटॉपमध्ये ही मोकळीक आधीच कमी होती, कारण प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. तरी बॅटरी खटका दाबून निघत असे, रॅम आणि डिस्क चार स्क्रू काढून बदलता येत. २०१२ साली ॲपलचा रेटिना पडद्याचा मॅकबुक प्रो आला. त्यात रॅम बोर्डावरच झाळलेली होती आणि बॅटरी गोंदाने चिकटवलेली. यंत्रे उघडून तपासणाऱ्या आयफिक्सिटने त्याला दुरुस्तीसाठी दहापैकी एक गुण दिला. पण तो हातोहात खपला, आणि इतर कंपन्यांनीही तीच वाट धरली. झाळकाम हा शब्द तोच आहे. भांड्याला झाळले की त्याचे आयुष्य वाढे, इथे झाळल्यामुळे एक चिप गेली की सगळा बोर्ड जातो.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. संगणक म्हणजे घागर नव्हे. तंत्र इतके झपाट्याने पुढे जाते की पाच वर्षांचे यंत्र दुरुस्त करण्यात अर्थ नाही. नव्वदच्या दशकात हे पूर्ण खरे होते. तेव्हा तीन वर्षांत वेग दुप्पट-तिप्पट होई आणि नव्या प्रणाली जुन्या यंत्रावर रांगत. पण पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, वर्गात दूरवरून बसणे या कामांना २०१५ नंतरचा चांगला लॅपटॉप आजही पुरतो. आज दुरुस्तीच्या दुकानात येणारी यंत्रे बहुधा वेगासाठी येत नाहीत. बॅटरी फुगलेली असते, बिजागरी तुटलेली असते, कीबोर्डवर चहा सांडलेला असतो. दुसरा आक्षेप जाडीचा: यंत्र हलके आणि बारीक हवे असेल तर भाग चिकटवावे लागतातच. यातला निम्मा मी मान्य करतो. मेमरी प्रोसेसरच्या अगदी जवळ बसवली तर वीज कमी लागते, हे खरे आहे. बॅटरी मात्र वापराने झिजणारच, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, आणि तीच गोंदाने बसवायला असले कारण नाही. बारीक पण पूर्ण उघडता येणारा लॅपटॉप बनवता येतो हे फ्रेमवर्क या छोट्या अमेरिकी कंपनीने २०२१ पासून दाखवून दिले आहे. राहिला मजुरीचा मुद्दा, की दुरुस्तीपेक्षा नवे स्वस्त पडते. युरोपात कारागिराचा तास महाग आहे, तिथे तो खरा. लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला सूक्ष्मदर्शकाखाली चिप लेव्हलचे काम करणारे हात आजही आहेत आणि त्यांची मजुरी परवडते. त्यांचे काम अडते ते कंपनी बोर्डाचा नकाशा देत नाही आणि अस्सल सुटा भाग विकत नाही म्हणून.

मोडीचे काय झाले, हे पाहण्यासाठी मुरादाबादला जावे लागेल. उत्तर प्रदेशातले हे पितळेचे शहर. भट्ट्या, मुशी आणि धातू ओतण्याचे ज्ञान घरोघर. पितळेच्या धंद्याला उतरती कळा लागली तशी तिथली अनेक कुटुंबे संगणकाचे बोर्ड जाळून, आम्लात धुऊन त्यांतले तांबे आणि सोने काढू लागली. रामगंगा नदीच्या काठी ती राख साचली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. जी कला मोडीतून भांडे घडवत होती, तीच आता लॅपटॉपची मोड फोडते, पण शिसे आणि विषारी धूर अंगावर घेऊन. आणि लॅपटॉपच्या मालकाला त्या मोडीचे मिळते काय? घागरीची निम्मीशिम्मी किंमत तिच्या धातूत असे, म्हणून ती मोडली तरी घरात काही परत येई. लॅपटॉपची किंमत त्याच्या जुळणीत असते. बोर्ड मेला की ती शून्यावर येते, आणि साठवण बोर्डावरच झाळलेली असेल तर मुलांचे फोटो आणि दहा वर्षांचे हिशेबही त्याबरोबर जातात.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ज्यांचा एकही स्क्रू सैल झालेला नाही अशी असंख्य यंत्रे त्या दिवशी निकामी नाही, पण असुरक्षित ठरली. सुरक्षेची गरज खरी आहे. पण मोडीत काढण्याचा निर्णय मालकाच्या घरातून किती दूर गेला आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा मला दुसरा दिसत नाही. तो निर्णय परत आणायचा तर कायदाच हवा, नुसत्या काटकसरीच्या उपदेशाने भागणार नाही. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचा आकडा छापावा लागतो. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून लॅपटॉपसारख्या हातातल्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी असा नियम लागू होतो. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले, त्यावर कंपन्या आपल्या सेवेची माहिती देतात. सुटे भाग आणि बोर्डांचे नकाशे बाहेरच्या कारागिराला देण्याची सक्ती त्यात नाही. ती येईपर्यंत एवढे तरी करावे: पुढचा लॅपटॉप घेताना प्रोसेसर विचारण्याआधी विक्रेत्याला विचारा, की पाच वर्षांनी याची बॅटरी कुठे मिळेल आणि ती कोण बसवू शकेल, आणि उत्तर लेखी मागा.