सर्पगंधा व रक्तदाब : मोहने येथील एका बाडातील समासटीपेच्या निमित्ताने

कल्याणच्या उत्तरेस, आंबिवली स्टेशनानजीक, उल्हास नदीच्या काठी मोहने हे गाव आहे. रेयॉनच्या कारखान्यामुळे पुढे त्याचे नाव सर्वत्र झाले. परंतु तत्पूर्वीच्या वस्तीतील काही घरांत जुनी दप्तरे अद्यापि शिल्लक आहेत. काही काळापूर्वी तेथील एका गृहस्थांनी आपल्या घरचे वैद्यकीचे बाड मजकडे वाचावयास आणून दिले. बाडात रक्तदाबावरील औषध लिहिलेले असून ते आपल्या पणजोबांच्या हातचे आहे, तेव्हा ही गोष्ट छापून प्रसिद्ध व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. ती मला प्रथमदर्शनी रास्त वाटली, याचे कारणही येथेच सांगणे उचित होय. मी स्वतः शाळेत संस्कृत शिकविताना, आपल्या आर्यवैद्यकास रक्तदाब व त्यावरील सर्पगंधेचा उपाय पूर्वापार ठाऊक होता, असे विद्यार्थ्यांस कित्येक वर्षे निःशंकपणे सांगत आलो. ग्रंथ उघडून पाहिले मात्र नव्हते. प्रस्तुत बाडाने ते पाहणे भाग पाडले.

१. बाड हातकागदाचे असून पहिली व शेवटची पाने गहाळ आहेत. शक, संवत्सर अथवा लेखकाचे नाव कोठेही नाही. मजकूर बोरूने लिहिलेला, बहुतेक बाळबोध व मधून मधून मोडी आहे. त्यात हरकाईच्या मुळीचा एक उतारा असून ती पोटशुळावर द्यावी असे सांगितले आहे. या उताऱ्याशेजारी समासात, निराळ्या वळणाने व शिसपेन्सिलीने, ‘सर्पगंधा, रक्तदाबावर’ एवढीच टीप आहे. गृहस्थांचा सगळा भर या टीपेवर होता. हरकाई व सर्पगंधा ही एकाच वनस्पतीची नावे आहेत हे खरे. तेव्हा प्रश्न इतकाच उरतो की, ही टीप केव्हाची ? मूळ मजकुराइतकीच ती जुनी असेल तर गृहस्थांचे म्हणणे सिद्ध होईल. नसेल तर ती कोणत्या काळाच्या अलीकडची, हे ठरविले पाहिजे.

२. प्रथम ग्रंथांची साक्ष घेऊ. हृदयाचे महत्त्व आपल्या आचार्यांस पूर्णपणे अवगत होते. चरकाने सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात हृद्रोगाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व कृमिज असे पाच प्रकार सांगितले असून, चिकित्सास्थानाच्या त्रिमर्मीय अध्यायात त्यांचे उपचार दिले आहेत. अकराव्या शतकातील गौडदेशीय चक्रपाणिदत्ताच्या चिकित्साग्रंथात हृद्रोगावर अर्जुनसालीचे योग आहेत. पण या प्रकरणांत सर्पगंधा मला आढळली नाही. सुश्रुतसंहितेत ती आहे, परंतु ती कल्पस्थानात, म्हणजे विषाच्या प्रकरणात. शिवाय त्या नावाने आजची हीच वनस्पती अभिप्रेत होती किंवा कसे, हेही निर्विवाद नाही. अमरकोशात नाकुली, रास्ना, सुगंधा, गंधनाकुली, भुजंगाक्षी ही नावे एकाच ओळीने पर्याय म्हणून आली आहेत. पण आज रास्ना म्हणून ज्या वनस्पती बाजारात मिळतात त्या सर्पगंधेहून सर्वस्वी भिन्न आहेत. कोशातील पर्यायांवरून वनस्पती ओळखू जाणाऱ्यास येथे पदोपदी ठेच लागते. तात्पर्य, ‘रक्तदाबावर सर्पगंधा’ या वचनास प्राचीन ग्रंथांचा आधार मिळत नाही.

३. लोकव्यवहाराची साक्ष याहून निराळी व अधिक भरीव आहे. इ. स. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या पोर्तुगीज संवादग्रंथात गार्सिया द ओर्ता याने सर्पविषावरील एका काष्ठाचे वर्णन केले असून, मुंगूस नागाशी झुंजताना त्या मुळीचा आश्रय घेते ही कथाही दिली आहे. हा वैद्य अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परिचयाचा होता आणि मुंबई बेट त्यास पोर्तुगीज सरकाराकडून खंडाने मिळाले होते. त्याने सांगितलेल्या काष्ठाच्या प्रकारांपैकी एक सर्पगंधाच असावी, असे काही वनस्पतिज्ञांचे मत आहे. पुढे इ. स. १७०३ मध्ये प्ल्यूमिए या फ्रेंच पंडिताने हिच्या वर्गास ‘रौवोल्फिया’ हे नाव दिले. ते ज्या लिओनहार्ट रौवोल्फ नामक ऑग्सबर्गच्या वैद्याच्या स्मरणार्थ दिले, तो शाम व इराक या देशांपर्यंत फिरला होता. हिंदुस्थानात तो कधी आलाच नव्हता.

मुंबई सरकारच्या औषधभांडाराचे अधिकारी विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन व हूपर यांच्यासह इ. स. १८९० ते १८९३ या काळात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील नोंद आपल्या प्रश्नास फार उपयोगी आहे. दक्षिण कोकणातून मुंबईस मजुरीला आलेले बहुतेक लोक या मुळीचा थोडासा साठा जवळ बाळगतात व पोटाच्या वेदनांवर तिला फार मानतात, असे ते लिहितात. कोकणात कुडा व मोगली एरंड यांच्या मुळांसह ती पोटशुळावर दुधातून देतात, आणि पटकीवर सापसंदाबरोबर देतात, असेही त्यांनी नमूद केले आहे. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी मेजर बसू यांच्यासह रचलेल्या व १९१८ साली, कीर्तिकरांच्या निधनानंतर, अलाहाबादेस प्रसिद्ध झालेल्या औषधी वनस्पतींच्या महाग्रंथातही हिचा समावेश आहे. इकडे कोकणात ही पोटदुखीची मुळी. तर तिकडे बिहार व बंगाल प्रांतांत ती वेडावरची व झोप आणणारी म्हणून प्रसिद्ध होती. एकाच वनस्पतीचा प्रांतपरत्वे असा भिन्न उपयोग चालत असता, ग्रंथ मात्र त्याविषयी मौन धरतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

४. आता ‘रक्तदाब’ या शब्दाकडे वळू. रोग्यास ज्याची बहुधा काहीच जाणीव नसते असा हा विकार आहे. तो ना नाडीवरून निश्चित होतो, ना जिभेवरून. त्याचे ज्ञान यंत्रावाचून नाही. इ. स. १७३३ मध्ये स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोड्याच्या धमनीस नळी जोडून रक्त किती उंच चढते ते प्रसिद्ध केले. परंतु माणसाच्या दंडास पट्टा बांधून दाब मोजण्याची सोपी रीत इटलीतील रिव्हा-रोच्ची याने १८९६ साली शोधून काढली आणि नळीने ध्वनी ऐकून वरचा व खालचा दाब ठरविण्याची रीत रशियन वैद्य कोरोत्कोव याने १९०५ साली सांगितली. अर्थात् ‘रक्तदाबावर’ हा शब्द ज्या टीपेत आहे ती टीप या काळाच्या अलीकडची असलीच पाहिजे.

ही मर्यादा आणखी अलीकडे आणता येते. सर्पगंधा व रक्तदाब यांची सांगड छापील स्वरूपात प्रथम स्पष्टपणे घातली ती कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बसू यांनी, इ. स. १९३१ मध्ये. उन्माद व रक्तदाबाधिक्य या दोहोंवर ही मुळी गुणकारी असल्याचे त्यांनी एका वैद्यकीय मासिकात लिहिले. त्याच वर्षी सलीमुज्जमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी या मुळीतून काही सत्त्वे वेगळी काढून, त्यांतील एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलिन’ असे नाव दिले. रामनाथ चोप्रा यांच्या कलकत्त्यातील प्रयोगशाळेत १९३३ साली जनावरांवर तिचे परीक्षण झाले, व १९३४ पासून हिच्या गोळ्या ‘सर्पिना’ या नावाने बाजारात विकू लागल्या. सारांश, मोहन्याच्या बाडातील समासटीप १९३१ च्या पूर्वीची असण्याचा संभव फारच थोडा.

५. येथपर्यंतचे ज्ञान अनुभवसिद्ध होते, पण जगाने ते मानले नव्हते. ते मानावयास लावण्याचे श्रेय मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांस आहे. यांचा जन्म १९११ चा. विलायतेत वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले व परळच्या के. ई. एम. इस्पितळात काम करू लागले. त्यांनी कारण न सापडणाऱ्या रक्तदाबाधिक्याचे ५० रोगी निवडून, त्यांना या मुळीच्या गोळ्या दिल्या, दाब ठरावीक अंतराने मोजला, आणि आलेले आकडे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात १९४९ साली प्रसिद्ध केले. बहुसंख्य रोग्यांचा दाब उतरला होता. वकिलांनी नवी मुळी शोधली नाही, किंवा तिचा गुणही प्रथम सांगितला नाही. त्यांनी किती रोगी, किती दिवस, किती उतार, हे उघड मांडले, जेणेकरून परक्या देशीच्या वैद्यास ते स्वतः पडताळून पाहता यावे. तसे घडलेही. बोस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनी हा लेख वाचून मुळी मागविली व आपल्या रोग्यांस दिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडातील बाझल येथील सीबा कंपनीच्या म्यूलर, श्लिटलर व बाइन या संशोधकांनी मुळीतील मुख्य सत्त्व ‘रिसर्पिन’ वेगळे काढले. १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत वकिलांचा समावेश झाला. ते १९७४ मध्ये निवर्तले.

६. पुढील वृत्त थोडक्यात देतो. रक्तदाब उतरविल्याने रोग्याचे खरोखर हित होते की केवळ यंत्रावरील आकडा बदलतो, हा वाद पुष्कळ काळ चालू होता. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या इस्पितळांत १४३ रोग्यांवर केलेली परीक्षा १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांस दिलेल्या तीन द्रव्यांत एक रिसर्पिन होते. निर्गुण गोळ्या घेणाऱ्यांत गंभीर उपद्रव २७ घडले, औषध घेणाऱ्यांत अवघे २. परंतु या सत्त्वाचे दोषही याच सुमारास प्रकट होत गेले : मोठ्या मात्रेने काही रोग्यांस घोर विषण्णता येते, नाक चोंदते, नाडी मंद होते. निर्दोष औषधे निघाली तसतसे रिसर्पिन मागे पडले. तिकडे अतोनात खणतीमुळे मुळीच दुर्मिळ होऊन तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. म्हणून बाडातील योग पाहून कोणी ही मुळी परस्पर घेऊ नये, हेही सांगून ठेवतो.

आमच्याच रेल्वेमार्गावरील मुलुंड येथे याच्या जोडीचे दुसरे उदाहरण घडले. तेथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधनकेंद्रात डॉ. नोएल डिसूझा व त्यांचे सहकारी यांनी, गुजरातेत ‘गरमर’ म्हणून जिच्या मुळांचे लोणचे घालतात त्या वनस्पतीतून ‘फोर्स्कोलिन’ हे सत्त्व काढून १९७७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. ते रक्तवाहिन्या सैल करते व हृदयाचे आकुंचन जोरकस करते. त्यापासून तयार केलेले एक द्रव्य जपानात हृदयदौर्बल्यावर वापरात आले.

७. निष्कर्ष असा. समासटीप मूळ लेखकाची नव्हे. ती बहुधा त्याच घरातील पुढच्या पिढीच्या कोणी १९३१ नंतर लिहिली. हे मी गृहस्थांस सांगितले तेव्हा ते खट्टू झाले. “मग आमच्या पणजोबांचे काय राहिले ?” असे त्यांनी विचारले. मी त्यांस उलट मूळ उतारा दाखविला. पोटशुळावर हरकाई, ही बोरूने लिहिलेली नोंद डायमॉकने कोकणी मजुरांच्या तोंडून टिपलेल्या व्यवहाराशी जुळते. ती ग्रंथांतून उतरलेली नाही, या प्रांतातील लोकांच्या हातची आहे. बाडाचे मोल तिच्यात आहे. पेन्सिलीची टीपही टाकाऊ नव्हे. कलकत्त्यात निघालेली गोष्ट उल्हासकाठच्या एका वैद्यघरापर्यंत पोहोचली व तेथील माणसाने ती आपल्या हरकाईशी ताडून पाहिली, याचा तो पुरावा आहे. दोन्ही ओळी एकाच काळच्या मानल्या तर दोहोंचीही साक्ष नासते.

बाडांचा संग्रह करणाऱ्या सज्जनांस म्हणून एवढीच विनंती की, वैद्यकीची बाडे हाती आल्यास केवळ संस्कृत वचने निवडून बाकीची पाने रद्दीत जाऊ देऊ नयेत. वनस्पतीचे गावठी नाव, ते ज्या गावात चालते ते गाव, व शक्य असल्यास त्या झाडाची वाळविलेली फांदी, यांची नोंद बाडासोबत ठेवावी. समासातील मजकूर निराळा उतरून, शाई व वळण यांचा उल्लेख करावा. आणि ज्या शब्दामुळे आपणांस विशेष आनंद होतो, त्या शब्दाचे वय आधी पाहावे. मी हे चाळीस वर्षांपूर्वी केले असते तर माझ्या विद्यार्थ्यांस चुकीचे सांगितले गेले नसते.

बाडाची नक्कल करून मूळ प्रत मालकांस परत दिली आहे. समासातील पेन्सिलीची ओळ पुसट होत चालली असल्याने तिजवर शाई फिरवावी काय, असे त्यांनी विचारले होते. ती आहे तशीच राहू द्यावी, असे मी त्यांस कळविले.