पदरात बांधलेली भाकरी

दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका मित्राबरोबर पांढुर्ण्याला त्याच्या आत्याकडे गेलो होतो. पांढुर्णा आणि सौंसर (२०२३ पासून या दोन तालुक्यांचा वेगळा जिल्हा झालाय) मध्य प्रदेशात असले तरी घराघरांत मराठी. जेवणं आटोपल्यावर ऐंशी ओलांडलेल्या आत्याबाईंनी अर्धी भाकरी हळूच पदराच्या टोकाला बांधली. नातवंडं हसली. "माही आजी अशीच बांधे," एवढंच त्या म्हणाल्या.

हिशेब केला तर ती आजी १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांतली पोर. तेव्हा हा मुलूख मध्य प्रांताच्या छिंदवाडा जिल्ह्यात होता. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई याच मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची धास्ती, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर ठेवलं. तिथंच पुढे मुक्तिसदन उभं राहिलं. (धर्मांतराचा वाद मला ठाऊक आहे, त्यावर शाई पुष्कळ सांडून झालीय. आज तो विषय नाही.)

रमाबाईंनी भूक पुस्तकात वाचलेली नव्हती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण एकामागून एक गेली, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. केडगावला त्यांनी मुलींना अन्न दिलंच, पण सोबत शेत, माग, तेलघाणा, गाईगुरं आणि गाणंही दिलं. यामागे त्यांचा विचार मुली स्वतःच्या पायावर उभ्या राहाव्यात हा. त्याला उपचार म्हणणं म्हणजे आजचा शब्द कालच्या तोंडी घालणं होईल. तरी मला तो दिनक्रम महत्त्वाचा वाटतो: ठरल्या वेळी जेवण, हातांना काम, रात्री निजायला भीती नसलेली जागा.

कारण नुसतं पोट भरून भूक जात नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, घासाघासाला तास लावू लागले. प्रयोग संपल्यावर पोटभर मिळू लागलं, तरी काहीजण ओकारी येईपर्यंत खात आणि पुन्हा भुकेलेच राहत. खाण्याचं बिघडणं हा हावरटपणा किंवा हट्ट नव्हे, हे त्या शरीरांनीच दाखवून दिलं.

आज आघाताची जाण ठेवून उपचार करणारे म्हणूनच "का खात नाहीस?" असं दरडावत नाहीत. श्वास, जमिनीवर टेकलेले पाय, पोटातली खरी भूक आणि भीतीचा गोळा यांतला फरक, अशा गोष्टींपासून हळूहळू सुरुवात करतात. वजन आणि आहार डॉक्टर बघतातच, ते सुटत नाही. बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या २०१४ च्या पुस्तकामुळे हा विचार पुष्कळ लोकांपर्यंत पोचला.

आमच्या घरीही एक आजी होती. पेजेचं भांडं रिकामं झालं तरी बोटाने पुसत बसायची आणि आम्ही पोरं तिची नक्कल करायचो. तिला कधी विचारलं नाही.

निघताना आत्याबाईंनी ती भाकरी सोडली आणि माझ्या हातात ठेवली. "वाटेत लागंल," म्हणाल्या. सौंसर येईपर्यंत मी ती खाल्ली.