खिलार : माणदेशाचे गोधन

सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्यास खिलार बैल दाखवून द्यावा लागत नाही. पांढरा किंवा करडा रंग, लांब निमुळते तोंड, मागे जाऊन वर वळलेली कमानदार शिंगे आणि चालण्यातली चपळाई. लहान पोरसुद्धा त्याला लांबून ओळखते. पण हे जनावर याच मुलखात का नावाजले, आणि आता दावणीला कमी का दिसते? हा प्रश्न इतिहासाचा आहे. गुरुजींनी तो वर्गात मुलांपुढे जरूर मांडावा.

‘खिल्लार’ म्हणजे गुरांचा कळप आणि कळप राखणारा तो खिल्लारी. पशुतज्ज्ञ या जातीचे मूळ म्हैसूरकडच्या हळ्ळीकार गुरांत पाहतात. आपल्याकडे तिची दोन घराणी नावाजली, एक म्हसवडचे आणि दुसरे आटपाडी महालाचे. हा महाल 1948 साली विलीन होईपर्यंत औंध संस्थानात होता. संस्थान गेले, पण ‘महाल’ हा शब्द बैलाच्या नावात टिकून राहिला.

सह्याद्री पाऊस अडवतो, म्हणून माण, खटाव, आटपाडी, जत हा टापू कोरडा. इथे चारा थोडा, ऊन कडक, वाट खडकाळ. ज्वारीच्या कडब्यावर राहून जो बैल दिवसभर मोट ओढी, त्याचीच पैदास शेतकऱ्याने पुढे चालवली. अशी निवड पिढ्यान्‌पिढ्या झाली. तिची परीक्षा व्हायची ती म्हसवड, खरसुंडी, पुसेगावच्या यात्रांतल्या बाजारात. दात पाहावे, चाल पाहावी आणि उपरण्याखाली बोटे धरून सौदा करावा. पुस्तक नव्हते, पण विद्या होती.

मग बदलले काय? 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. तिथला लोखंडी नांगर ओढायला बैलच लागत. पण पुढे तिथेच पंपही होऊ लागले. विहिरीवर इंजिन आले तशी मोट सुटली. ट्रॅक्टर आला तसा नांगरही सुटला. त्यातच दुधाचा धंदा वाढला. खिलार गाय वासराला पाजून घरापुरते दूध देते. जर्सी-होल्स्टीन संकराची गाय डेअरीला कॅन भरून दूध देते. मग गरजवंताने कोणती गाय ठेवावी? त्याला दोष कसा द्यावा?

राहता राहिली शर्यत. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात त्या अटींवर पुन्हा सुरू झाल्या आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता नामांकित खोंडाची किंमत लाखांत बोलली जाते. स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतातही असेच झाले आहे. तिथली एरां जातीची काळी, ठेंगणी गाय दुधाला बेताचीच. पण गायींच्या टकरीचा तिथल्या लोकांना मोठा शौक, म्हणून ती टिकली.

तरी एक फरक ध्यानात घ्यावा. तिथे मान मिळतो तो गायीला. जिंकणारी गाय कळपाची राणी ठरते. आपल्याकडे गुलाल पडतो तो बैलावर. त्याला जन्म देणारी गाय मात्र ‘दूध नाही’ म्हणून बाजार दाखवते. शर्यतीला मूठभर खोंड पुरतात. जात टिकायला गावोगाव गायी लागतात. त्यांना जातिवंत वळू दाखवावा लागतो आणि वंशाची नोंद ठेवावी लागते.

म्हणून श्रोतेहो, खोंडाचे कौतुक करताना त्याची आई कोणाच्या दावणीला आहे, हेही विचारीत जा. शिक्षकांनी मुलांकडून गावातल्या खिलार गायींची आणि वळूंची मोजदाद करून घ्यावी. एक वही आणि एक सुट्टी पुरे. पूर्वजांनी दुष्काळातही जी जात राखली, ती सुकाळात आपल्या हातून जाऊ नये.